अतिदक्षता विभागातून घरी आल्यावर : श्वासाच्या स्नायूंची दुर्बलता

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आरोग्यविषयक लेख लिहावा असे सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही बँकेत कारकून, शिक्षण बी.ए., विषय मराठी आणि इतिहास. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध मेडिक्लेमचे कागद भरण्यापुरताच. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या सोलापुरात, आणि आपल्या संस्थेच्या सभासदांतही, कित्येक घरांतील माणसे आय.सी.यू. म्हणजे अतिदक्षता विभागात जाऊन आली. काही परतली नाहीत. जी परतली त्यांच्याविषयी आपण सारे ‘वाचला एकदाचा’ म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि पुढे त्यांचे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. आमच्या घरातही असा एक रुग्ण होता. त्याच्या बाबतीत आम्ही ज्या चुका केल्या त्या इतरांनी करू नयेत, एवढ्याचसाठी हे लिहीत आहोत. यातील माहिती डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून, आणि जे हाती लागले ते वाचून गोळा केलेली आहे. औषधोपचार अर्थातच ज्याच्या त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

आमचे थोरले दाजी चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर काम करीत. वय त्या वेळी छप्पन्न, अंगाने काटक. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, ते व्हेंटिलेटरवर होते आणि अक्का घरात एकटी बसून होती. अकरा दिवसांनी नळी निघाली, आणखी आठवड्याने त्यांना घरी सोडले. सोडताना सांगितले गेले की एक्स-रे चांगला आहे, ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, आता काळजीचे कारण नाही, थोडा अशक्तपणा राहील.

घरी आल्यावर मात्र निराळेच दिसू लागले. खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायचे तर दाजींना मध्ये भिंतीला टेकावे लागे. एक वाक्य दोन तुकड्यांत बोलत. उताणे झोपवले की घाबरे होत आणि ‘मला बसवा, बसवा’ म्हणत. खोकला यायचा पण कफ सुटायचा नाही. बोटाला चिमटा लावून पाहावे तर आकडा शहाण्णव, सत्त्याण्णव! मग आम्ही, म्हणजे घरातील सर्व शहाण्यांनी, असा निष्कर्ष काढला की दाजींनी मनाने हाय खाल्ली आहे. आम्ही स्वतः त्यांच्यापुढे बसून, ‘दाजी, मन घट्ट करा, रोग गेला, आता भीती कसली?’ असे दोन-तीन वेळा ऐकवले. दुसरीकडे अक्काने त्यांना खाटेवरून हलू दिले नाही. शेजारीपाजारी येत आणि ‘फुप्फुसाचा आजार आहे, अजिबात श्रम नकोत’ असे बजावून जात. खायला साबुदाण्याची पेज, नारळपाणी आणि बिस्किटे. असे तीन आठवडे गेले व दाजी घरी आले त्याहून अधिक थकले.

तेव्हा दाजी एकदा म्हणाले, ‘मेव्हणे, माझी मोटर फिरतीया, पण पट्टा घसरतोय.’ मागावर ज्याने काम केले आहे त्याला हे बरोबर कळेल. मोटर चालू असते, धागा ठीक असतो, परंतु पट्टा ढिला झाला की धोटा चालत नाही. पुढे जे निदान झाले ते जवळजवळ हेच होते.

श्वास फुप्फुसे घेतात असा आपला सर्वसाधारण समज आहे. शाळेत आपण तसेच शिकलो. वास्तविक फुप्फुसांना स्वतःची हालचाल नसते. ती स्पंजासारख्या दोन पिशव्या होत. त्यांना फुगवणारे ते स्नायू. त्यांत मुख्य म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधोमध, बरगड्यांच्या खालच्या कडेला चहूबाजूंनी चिकटलेला हा घुमटाच्या आकाराचा पातळ स्नायू आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा घुमट आकसून खाली सरकतो, छातीतील पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. तो सैल पडला की पुन्हा वर जातो व हवा बाहेर पडते. शांत बसलेल्या माणसात तो एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होतो, दीर्घ श्वासात सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत. बरगड्यांमधील लहान स्नायू आणि मानेचे काही स्नायू त्याला साहाय्य करतात. पोटाचे स्नायू खोकताना जोर लावतात.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेब हा आमचा धंदाच आहे. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. पंधरा धरले तरी दिवसाचे २१,६०० झाले. रविवार नाही, बँक हॉलिडे नाही. हृदय सोडले तर इतके सतत काम करणारा दुसरा स्नायू शरीरात नाही. एरवी या कामाला शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी पाच टक्केसुद्धा खर्च होत नाही, म्हणून आपल्याला त्याची जाणीवही नसते. जाणीव होते ती तो स्नायू दमल्यावर.

व्हेंटिलेटरवर नेमके काय घडते ते या ठिकाणी समजून घेतले पाहिजे. आपले शरीर हवा ओढून घेते. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, सायकलच्या पंपाने ट्यूबमध्ये ढकलावी तसा. रुग्ण गुंगीच्या औषधाखाली असेल आणि यंत्रच सर्व श्वास देत असेल तर श्वासपटलाला काही कामच उरत नाही. हात मोडून प्लास्टर घातले आणि दीड महिन्याने काढले की हात कसा काडीसारखा निघतो, हे सर्वांनी पाहिले आहे. श्वासपटलाचेही तसेच होते, फक्त त्याला दीड महिना लागत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदू मृत झालेले आणि अवयवदान होणार असलेले चौदा रुग्ण, ज्यांचे श्वासपटल १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहून व्हेंटिलेटर चालू होता, त्यांच्या श्वासपटलाचे लहान तुकडे त्यांनी तपासले. त्यातील संथ काम करणारे तंतू दुसऱ्या रुग्णांच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी आणि जलद तंतू ५३ टक्क्यांनी बारीक झालेले आढळले. म्हणजे तीन दिवसांच्या आत निम्मा माल गेला! आमचे दाजी अकरा दिवस होते.

हे वाचून कोणी व्हेंटिलेटरच्या नावाने बोटे मोडू नयेत. ‘व्हेंटिलेटरवर टाकला की संपला’ ही अफवा आपल्याकडे कोरोनाच्या काळात इतकी पसरली की काही जणांनी वेळेवर संमतीच दिली नाही. या यंत्राची योग्यता समजण्यासाठी १९५२ सालची कोपनहेगन शहरातील हकीकत सांगण्याजोगी आहे. डेन्मार्कच्या या राजधानीत त्या वर्षी पोलिओची मोठी साथ आली. पोलिओत ज्यांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडत ती मुले गुदमरून मरत. त्या काळी लोखंडी पेटीसारखी यंत्रे असत, रुग्णाला मानेपर्यंत आत ठेवून बाहेरून दाब कमी-जास्त करीत. परंतु ब्लेगडाम रुग्णालयात तशी पेटी एकच होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. मग प्रश्न आला की दिवसरात्र पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, कित्येक महिने, रुग्णांच्या उशाशी बसून हाताने श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग तेथूनच पुढे वाढला असे मानतात. आपल्या विद्यार्थी वाचकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी, एका पिढीतील विद्यार्थ्यांच्या मनगटांनी केवढे काम केले ते.

तेव्हा व्हेंटिलेटर प्राण वाचवतो हे खरे, आणि तो लावला असताना श्वासाचे स्नायू झडतात हेही खरे. शिवाय सगळा दोष स्वस्थ पडून राहण्याचा नसतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर तो स्वतःच स्नायूंचे व मज्जातंतूंचे नुकसान करतो. पोटात पुरेसे अन्न जात नाही, शरीर आपलेच मांस जाळते. स्टेरॉइड औषधे कोरोनात अनेकांचे प्राण वाचवणारी ठरली, परंतु स्नायूंवर तीही काही अंशी परिणाम करू शकतात. हे सर्व मिळून हातापायाचे स्नायू वाळतात ते डोळ्यांना दिसते. श्वासपटल आत असल्याने दिसत नाही. पॅरिसमधील डॉक्टरांनी २०१७ मध्ये व्हेंटिलेटर सोडवण्याच्या बेतात असलेले ७६ रुग्ण तपासले, तेव्हा ३४ टक्के रुग्णांत हातापायांची दुर्बलता आढळली आणि ६३ टक्के रुग्णांत श्वासपटलाची, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हातापायात थोडा जोर आला म्हणजे श्वासातही आला, असे गृहीत धरता येत नाही.

श्वासाच्या स्नायूंचा प्रश्न कोरोनाबरोबर संपला असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गिलन-बारे सिंड्रोम या आजाराची साथ आली आणि रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. त्या साथीतील पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. दूषित पाणी अथवा अन्नातून पोटाचा संसर्ग होतो, तो बरा होतो न होतो तोच शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांत मुंग्या, मग पाय लुळे, मग हात, आणि काही रुग्णांत श्वासाचे स्नायू. या आजाराच्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. येथे फुप्फुसे अगदी निरोगी असतात, त्यांना फुगवणारे यंत्रच बंद पडते. बहुतेक रुग्ण सावरतात, पण आठवडे आणि महिने लागतात. असा रुग्ण घरी येतो तेव्हा त्याची अवस्था दाजींसारखीच असते.

आता बोटाच्या चिमट्याविषयी, ज्याने आम्हाला फसवले. ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन दाखवतो. स्नायूंचा जोर तो दाखवत नाही. माणूस भराभर उथळ श्वास घेऊन बराच काळ ऑक्सिजन टिकवून धरू शकतो, आणि या धडपडीत तो आतून दमत जातो. आधी कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, सकाळी डोके दुखते, दिवसा झापड येते. आकडा पडतो तो अगदी शेवटी. आकडा चांगला आहे म्हणून माणसाच्या तक्रारीवर अविश्वास दाखवणे ही आमची पहिली आणि सर्वात वाईट चूक. अक्का तर म्हणे, ‘यंत्र खोटं बोलंल का?’ यंत्र खोटे बोलत नव्हते, त्याला आम्ही चुकीचा प्रश्न विचारीत होतो.

चौथ्या आठवड्यात आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी दाजींना फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या तरुण बाईंनी आधी काहीच यंत्र काढले नाही. ‘काका, जरा आडवे व्हा,’ म्हणाल्या आणि पोटाकडे पाहत राहिल्या. निरोगी माणूस श्वास आत घेतो तेव्हा पोट वर येते, कारण श्वासपटल खाली सरकून आतड्यांना ढकलते. दाजींचे पोट श्वास घेताना आत जात होते. छाती मानेच्या स्नायूंच्या जोरावर वर उचलली जाई आणि ढिले श्वासपटल वर खेचले जाई. आडवे झाल्यावर घाबरे का होते तेही त्यांनी समजावले. बसलेले असताना पोटातील अवयव आपल्या वजनाने खाली राहतात, आडवे झाले की ते छातीकडे सरकतात आणि दुबळ्या श्वासपटलाला त्यांचे ओझे पेलावे लागते. मग त्यांनी दाजींना एका श्वासात आकडे मोजायला लावले. भरपूर श्वास घ्यायचा आणि सेकंदाला दोन या गतीने मोठ्याने मोजत जायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. विसाच्या आत थांबला तर लक्ष द्यावे लागते. दाजी चौदावर थांबले. आयुष्यभर नोटा मोजल्या, परंतु मोजण्याचा हा उपयोग आम्हाला ठाऊक नव्हता. ही काही पक्की तपासणी नव्हे, तरी घरच्या घरी प्रगती पाहण्यास उत्तम.

पक्क्या तपासणीसाठी तोंडात नळी धरून जोराने श्वास ओढायला सांगतात आणि तो जोर ‘सेंटिमीटर पाणी’ या मापात मोजतात. शहाळ्यात नळी घालून पाणी वर ओढतो तसे समजावे. श्वासाच्या जोराने पाणी किती उंच चढेल, एवढाच त्याचा अर्थ. पुरुषात हा आकडा ऐंशीच्या वर असेल तर स्नायूंची मोठी दुर्बलता नाही असे मानतात, स्त्रियांत सत्तरच्या वर. दाजींचा आकडा चौतीस आला. अक्काला ते सांगितले तेव्हा ती दाजींकडे पाहून गप्प राहिली, आणि आम्हाला आमचे ते ‘मन घट्ट करा’ आठवून शरम वाटली.

उपचार ऐकून सर्वांना आश्चर्य वाटले, कारण तो व्यायाम होता. ज्या स्नायूला आम्ही विश्रांती देत होतो त्याला काम हवे होते. मात्र बेताचे. येथे एका गैरसमजाचा खुलासा आवश्यक आहे. औषधाच्या दुकानात तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र मिळते, ते कोरोनाच्या काळात घरोघरी आले. त्यात फुंकायचे नसते, ओढायचे असते. दाजींनी पहिले चार दिवस त्यात फुंकर मारली, आणि गोळ्या हलेनात म्हणून यंत्र बिघडले असे ठरवून आम्ही दुकानदाराशी हुज्जत घालायला निघालो होतो! ते यंत्र फुप्फुसे उघडी राहावीत, दीर्घ श्वासाची सवय लागावी यासाठी चांगले. परंतु स्नायूला त्यातून फारसे वजन मिळत नाही. स्नायूंसाठी वेगळे छोटे उपकरण असते. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही. स्प्रिंग आवळून भार वाढवता येतो. तालमीत जोर-बैठका वाढवत नेतात, तसेच हे. रुग्णाच्या एकूण जोराच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भार ठेवून सुरुवात करतात. दाजींना एका वेळी सहा श्वास, मग एक मिनिट थांबणे, असे पाच फेरे दिले होते.

आपल्यापैकी पुष्कळ जण विपश्यनेच्या शिबिरास जाऊन आले आहेत. त्यांनी विचारले की आनापान केले तर चालेल काय? आनापानात श्वास जसा आहे तसा पाहावयाचा असतो, तो मुद्दाम ओढावयाचा नसतो. घाबरलेल्या रुग्णाला त्याने स्वस्थता जरूर मिळते, दाजींना रात्री मिळाली. पण स्नायूंना भार देणे हे काम वेगळे, ते वेगळेच करावे लागते.

या व्यायामाचा उपयोग किती, याविषयी अतिशयोक्ती करू नये. अमेरिकेत फ्लोरिडा येथे २०११ मध्ये, व्हेंटिलेटर सुटत नसलेल्या ६९ रुग्णांवर प्रयोग झाला. हा व्यायाम दिलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांचा व्हेंटिलेटर सुटला, न दिलेल्यांपैकी ४७ टक्के. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे २०१६ मध्ये, सात दिवसांहून अधिक व्हेंटिलेटरवर राहून बाहेर आलेल्या ७० रुग्णांत दोन आठवड्यांच्या व्यायामाने श्वासाचा जोर १७ टक्क्यांनी वाढला, इतरांत ६ टक्क्यांनी. परंतु दम टिकण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे केवळ उपकरण ओढून भागत नाही, चालणे-फिरणे हवेच. अलीकडे मोठ्या रुग्णालयांत रुग्ण व्हेंटिलेटरवर असतानाच गुंगी रोज कमी करून त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवण्याचा, त्याला खाटेवर बसवण्याचा प्रयत्न करतात. २००९ मधील एका अभ्यासात असे लवकर हालचाल सुरू केलेले ५९ टक्के रुग्ण सुटीच्या वेळी आपली कामे आपण करू शकत होते, इतरांत ३५ टक्के.

ज्यांच्या छातीचे अथवा पोटाचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा प्रकार घडला आहे, किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे उपकरण तोंडाला लावू नये. आणि एकाचे यंत्र दुसऱ्याने वापरू नये. आमच्याकडे गल्लीतून दोन ठिकाणांहून मागणी आली होती. अक्काने साफ नकार दिला, त्यावरून थोडी नाराजीही झाली.

चालण्याचे म्हणाल तर बाईंनी पहिल्या दिवशी खोलीत दहा पावले सांगितली. मग दारापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. नियम एकच, चालताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत. बोलणे बंद पडले की थांबायचे, कमरेतून किंचित पुढे वाकून हात कशावर तरी टेकायचे. असे केल्याने श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. झोपताना पाठीला दोन उश्या. खोकताना एक उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचे, म्हणजे कफ सुटतो.

आहाराविषयी आमची दुसरी मोठी चूक. स्नायू प्रथिनांचा बनतो आणि आम्ही साबुदाणा देत होतो, ज्यात प्रथिने नसल्यातच जमा. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस, तेव्हा आपली शेंगाची चटणी काही नुसती तोंडी लावण्याची वस्तू नव्हे. डाळ, दूध, मासे, मटण, ज्याला जे चालते आणि परवडते ते. ज्याचे मूत्रपिंड अधू आहे त्याने मात्र डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. दाजींना एका वेळी फार खाल्ले की धाप लागे, कारण भरलेले पोट श्वासपटलाला वर दाबते. म्हणून अक्काने दिवसातून सहा वेळा थोडे थोडे देणे सुरू केले.

किती दिवस लागतील, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. कॅनडातील डॉक्टरांनी फुप्फुसाच्या तीव्र आजारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. एक वर्षानंतर त्यांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर अपेक्षेच्या ६६ टक्के होते, पाच वर्षांनी ७६ टक्के. फुप्फुसांची क्षमता मात्र जवळजवळ पूर्ववत झालेली होती. म्हणजे उणीव राहिली ती मुख्यतः अंगाच्या जोरात. दाजींचा श्वासाचा आकडा दोन महिन्यांत पंचावन्न झाला, सहा महिन्यांत सत्तरच्या पुढे. १४ एप्रिल २०२२ रोजी ते घरापासून पार्क चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत पायी गेले. वाटेत चार वेळा बसले. येताना रिक्षा केली. मागावर पुन्हा उभे राहणे त्यांना जमले नाही, कारखान्यात आता ते गाठी मोजण्याचे बसून काम करतात आणि पगार कमी झाला आहे. हेही सांगितले पाहिजे.

रुग्ण घरी असताना पुढील गोष्टी दिसल्या तर उपकरण, व्यायाम सारे बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे : बसलेल्या अवस्थेतही पोट श्वासागणिक आत जाणे, एका दमात तीन-चार शब्दांच्या पुढे बोलता न येणे, मिनिटाला तीसहून अधिक श्वास, पाणी पिताना ठसका लागणे आणि आवाज बसणे, सकाळी डोके दुखून गुंगी राहणे. गिलन-बारेच्या रुग्णात एका श्वासातील मोजणी दिवसागणिक उतरत असेल तर ऑक्सिमीटरच्या आकड्याची वाट पाहू नये.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी थोडे. दाजींच्या निमित्ताने आम्ही आपल्या संस्थेतील बारावीच्या मुलामुलींना विचारले, तेव्हा फिजिओथेरपीची पदवी असते हेच अनेकांना ठाऊक नव्हते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय असावेत, नीट परीक्षा द्यावी लागते, आणि महाराष्ट्रातील यांपैकी बरीच महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. एम.बी.बी.एस. न मिळाल्याने निराश झालेल्यांनी नीटच्या त्याच गुणांवर या अभ्यासक्रमाचा अर्ज भरता येतो का, हे प्रवेशाच्या पुस्तिकेत जरूर पाहावे. दाजींना तपासणाऱ्या बाई आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यातून शिकून आलेल्या आहेत.